देवणी गाईंचा शुद्ध, नोंदी असलेला कळप उभा करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि हाळीच्या गुरांच्या बाजारात चहाच्या टपरीवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, ते इथे एका जागी लिहिले आहेत. सोपे आधी आहेत, डोकेदुखीचे नंतर. एका उत्तरात जे आलंय ते दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. देवणी म्हणजे नेमकी कोणती गाय? दिसायला गीरसारखीच वाटते.

वाटणारच, रक्तात गीर आहे. गीर, डांगी आणि इथली गावरान जनावरं यांच्या मिश्रणातून गेल्या दोनेक शतकांत ही जात स्थिरावली. नाव लातूर जिल्ह्यातल्या देवणीवरून पडलं. जुनी माणसं हिला 'डोंगरी'ही म्हणतात. लातूर, नांदेड, परभणी, धाराशिव आणि पलीकडे कर्नाटकातला बीदर, म्हणजे जुन्या निजाम राज्याचा हा पट्टा, तिचं माहेर. गाय दूध देते आणि बैल काळ्या रानात नांगर ओढतो, म्हणून ही दुहेरी उपयोगाची जात. गीरसारखं कपाळ पुढे आलेलं असतं, पण गीरइतकं घुमटासारखं नाही. कान लांब आणि लोंबते.

२. शुद्ध देवणी रंगावरून ओळखता येते का?

अर्धवट येते. तीन प्रकार मानले जातात. वानेरा म्हणजे अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. बाळंक्या म्हणजे पांढऱ्या अंगावर खालच्या बाजूला काळे ठिपके. शेवरा (काही जण वाघ्या म्हणतात) म्हणजे अंगभर वेडेवाकडे काळे डाग. हे तिन्ही देवणीच आहेत, त्यांत उच्च-नीच काही नाही. वानेऱ्याला बाजारात जास्त गिऱ्हाईक असतं ती आवड झाली, शुद्धतेचा पुरावा नव्हे.

गोची अशी की होल्स्टीनच्या संकरातही काळं-पांढरं येतं. म्हणून रंगाच्या आधी वशिंड, कान, पोळी (गळ्याखालची लोंबती कातडी) आणि कपाळ पाहा. वशिंड बसकं आणि कान आखूड, ताठ असतील तर रंग कितीही 'वानेरा' असू दे, पुढच्या दावणीला चला. आणि सगळं जुळलं तरी ती 'देवणीसारखी दिसणारी गाय' एवढंच कळलं. तिच्या आई-बापाचं काय ते प्रश्न ४ मध्ये.

३. कानात पिवळा बिल्ला आहे. म्हणजे गाय नोंदणीकृत शुद्ध झाली ना?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. 'नोंदणी' हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो.

पहिली नोंदणी जातीची. कर्नालला राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरो आहे, तिथे देशातल्या जातींची नोंद होते. देवणी, खिलार, डांगी, गवळाऊ, लाल कंधारी, कोकण कपिला, अलीकडे विदर्भातली कठाणी या सगळ्या तिथे आहेत. पण ही नोंद 'देवणी नावाची जात आहे' एवढंच सांगते. तुमच्या गोठ्यातली लक्ष्मी देवणी आहे की नाही, याचा त्यात उल्लेख नाही.

दुसरी म्हणजे कानातला बिल्ला. त्यावर १२ आकडी क्रमांक असतो आणि तो भारत पशुधन प्रणालीत चढतो. २०२४पासून राज्यात बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री आणि वाहतुकीवर बंधन आलं, म्हणून आता बहुतेक जनावरांच्या कानात तो दिसतो. पण तो जनावराचं आधार कार्ड आहे. जातीचा रकाना भरणारा कर्मचारी बहुतेक वेळा समोर दिसतं ते किंवा मालक सांगतो ते लिहितो. संकरित गाय देवणी म्हणून चढलेली मी पाहिली आहे आणि देवणी गाय 'गावरान' म्हणून चढलेलीही.

तिसरी नोंदणी म्हणजे वंशावळीची वही. अमुक गाय, तिचा बाप अमुक, आई अमुक. परदेशात जातीच्या संघटना हेच काम करतात. आपल्याकडे केंद्र सरकारची कळप नोंदणी योजना आहे, पण तिची यादी गीर, कांकरेज, हरियाना, ओंगोल आणि काही म्हशींची आहे. देवणी त्यात नाही. म्हणजे तुम्हाला हवी असलेली नोंदणी कुठल्याही खिडकीवर अर्ज देऊन मिळत नाही, ती तुमच्याच गोठ्यात तयार होते.

४. मग वही आम्हीच ठेवायची? त्याला किंमत काय?

तुम्हीच ठेवायची. किंमत तुमच्या अक्षराला नाही, सातत्याला आहे. जगात गाईंच्या वंशावळीची पहिली छापील वही काढली ती इंग्लंडमध्ये जॉर्ज कोट्स नावाच्या माणसानं, १८२२ साली, शॉर्टहॉर्न गाईंची. तोही गावोगाव हिंडून लोकांच्या आठवणी आणि चिटोऱ्याच गोळा करत होता.

जन्म झाला त्याच दिवशी लिहा. तारीख, बिल्ला क्रमांक (बिल्ला नंतर लागणार असेल तर तात्पुरतं नाव), नर की मादी, आईचा क्रमांक, बापाचा क्रमांक, जन्माचं वजन, आणि दोन्ही बाजूंचा फोटो. फोटो सगळ्यात महत्त्वाचा, कारण देवणीचे डाग बोटांच्या ठशांसारखे असतात, दोन जनावरांचे सारखे नसतात. गाय भरवली त्या दिवशी तारीख आणि वळूचा क्रमांक लिहा. कृत्रिम रेतन केलं असेल तर वीर्याची रिकामी कांडी फेकू नका, वहीच्या पानाला चिकटपट्टीनं चिकटवा. त्यावर वळूचा क्रमांक, जात, केंद्राचं नाव आणि तारीख छापलेली असते. हा पुरावा कुणी नाकारू शकत नाही. दुधाची नोंद महिन्यातून एक दिवस, सकाळ-संध्याकाळ, मापून. अंदाजानं नको.

मोबाइलमध्ये ठेवली तरी चालेल. आमची कागदी आहे, कारण गोठ्यात हात शेणाचे असतात.

५. देवणी, लाल कंधारी, खिलार, डांगी: कोणती जात निवडावी?

जिथे राहता तिथली. नांदेड-कंधार भागात लाल कंधारी, माण-आटपाडी-सांगोल्याकडे खिलार, अकोले-इगतपुरीच्या पावसात डांगी, वर्ध्याकडे गवळाऊ. डांगीची कातडी धो-धो पावसाला सरावलेली असते, ती लातूरला आणून काय उपयोग? शिवाय वळू, रेतमात्रा, गिऱ्हाईक आणि जाणकार म्हातारा ही चारही माणसा-वस्तूंची मोट जातीच्या माहेरातच सापडते. शर्यतीसाठी बैल तयार करायचे असतील तर खिलारच. बैलगाडा शर्यतींना मोकळीक देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १८ मे २०२३च्या निकालानंतर खिलार खोंडांची मागणी पुन्हा उभी राहिली. देवणी बैल ताकदीचा असतो, पण तो पळायला नाही.

दोन जाती एका गोठ्यात ठेवू नका. ठेवल्याच तर प्रश्न २१ तोंडपाठ करा.

६. अमेरिका-ब्राझीलमध्ये मांसासाठी शुद्ध जातीचे कळप असतात. तसा धंदा इथे करता येईल का?

महाराष्ट्रात गोवंशाचा नाही. गाईच्या कत्तलीवर बंदी १९७६च्या कायद्यापासून आहे, आणि मार्च २०१५पासून बैल-वळूही तिच्यात आले. त्यामुळे इथे शुद्ध कळपाचं उत्पन्न पैदाशीच्या कालवडी, वळू, बैल, दूध आणि शेण यांतूनच काढावं लागतं. ज्यांना मांसासाठीच शुद्ध जात सांभाळायची आहे, त्यांनी उस्मानाबादी शेळीचा विचार करावा. पद्धत तीच लागते: वही, बाहेरचा नर, निवड.

पण तिकडच्या पद्धतीकडे पाठ फिरवू नका. अँगसची वही १८६२ साली छापली गेली आणि ती आजही चालू आहे. आणि एक गंमत. अमेरिकेतली ब्राह्मन ही मांसाची जात आपल्याच गाईंपासून झाली: कांकरेज (तिकडे गुझेरात), ओंगोल (तिकडे नेलोर), गीर आणि कृष्णा खोरे. यातली शेवटची सांगली-मिरजेच्या संस्थानिकांनी एकोणिसाव्या शतकात कृष्णाकाठच्या चिकण मातीसाठी घडवली. १९२४ साली टेक्सासमध्ये त्यांची संघटना झाली आणि त्यांनी वही उघडली. आपल्या गाईंची वंशावळ शंभर वर्षं तिकडे लिहिली जातेय, इकडे कृष्णा खोऱ्याचं जनावर शोधायला दिवस घालवावा लागतो.

७. सुरुवात किती गाईंपासून करावी?

तीन ते पाच. विचारणारे बहुतेक 'वीस घेऊ का?' म्हणतात. नका घेऊ. शुद्ध आणि बरं दूध देणाऱ्या पाच देवणी शोधायलाच वर्ष जातं. वीस एकदम घेतल्या तर त्यातल्या पंधरा कुणाला तरी नको असलेल्या असणार.

गणित करून पाहा. दोन वेतांत १५ महिन्यांचं अंतर धरलं तर १० गाईंपासून वर्षाला ८ वासरं. त्यातल्या ४ कालवडी. एखादी दगावते किंवा बाद होते. उरल्या ३. म्हणजे दहाच्या कळपातूनही तुम्हाला वर्षाला तीन कालवडींतून निवड करायची आहे, आणि त्यांचं पहिलं वेत यायला साडेतीन-चार वर्षं आहेत. हा धंदा घाई असलेल्याचा नाही.

८. भांडवल किती लागेल?

रुपयांत आकडा सांगत नाही, बाजार दर पोळ्याला बदलतो. चाऱ्यात सांगतो. साडेतीनशे किलोच्या गाईला वजनाच्या सुमारे अडीच टक्के कोरडा चारा रोज लागतो, म्हणजे पावणेनऊ किलो. पाच गाईंना वर्षाला जवळजवळ १६ टन. यात वासरं धरलेली नाहीत. हिरव्या चाऱ्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, त्यामुळे गजराज गवताचा भारा मोठा दिसतो पण पोटात कमी जातो.

ज्वारीचा कडबा स्वतःच्या रानातला असेल तर अर्धी लढाई जिंकलात. आमच्या भागात आता सगळीकडे सोयाबीन झालंय, कडबा विकत घ्यावा लागतो. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. तसं वर्ष पुन्हा येणार असं धरूनच मुरघास (हवाबंद साठवलेला हिरवा चारा) भरून ठेवा. गाईंवर जेवढे पैसे घालाल, तेवढेच पहिल्या दीड वर्षाच्या चाऱ्यासाठी बाजूला नसतील तर गाई कमी करा.

९. गाई बाजारातून घ्याव्या की घरून?

घरून. हाळी-हंडरगुळीचा बाजार, माळेगावची खंडोबाची यात्रा, उदगीर, लोहा इथे जरूर जा, पण नजर तयार करायला. शंभर देवणी एका दिवशी पाहिल्या की कान आणि कपाळ डोळ्यात बसतं. रुमालाखाली बोटं दाबून ठरलेल्या सौद्यात मात्र वंशावळ मिळत नाही. हेडी (गुरांचा दलाल) तीन हात फिरवून जनावर आणतो, त्याला आई माहीत नसते आणि तो ती माहीत असल्यासारखी सांगतो.

माझा पहिला वळू असाच आला. 'आई दहा लिटरची' असं शपथेवर सांगितलं गेलं होतं. त्याची पहिली सहा वासरं झाली, त्यातल्या दोघांचे कान उभे होते. तीन वर्षं गेली आणि वहीतली ती पानं मी अजून फाडलेली नाहीत.

घरी गेलात की आधी गाय पाहू नका, तिची आई आणि बहिणी पाहा. एका दावणीला तीन पिढ्या उभ्या असतील तर तो गोठा सोडू नका. मालकाला वहीची सवय नसेल, पण घरातल्या आजीला सगळं आठवत असतं: कुठल्या सालच्या दुष्काळात कुणाची गाय आणली, वळू कुणाचा होता. ते तिथेच लिहून घ्या.

१०. घेण्याआधी कोणत्या तपासण्या कराव्यात?

दात पाहून वय ठरवा. देशी जनावराला पहिले दोन दात अडीच-तीन वर्षांच्या सुमाराला येतात. चारही सड पिळून पाहा, दूध समोर काढायला लावा, एकदा संध्याकाळी आणि परत सकाळी. संध्याकाळचं दूध तुंबवून दाखवणं ही जुनी युक्ती आहे.

डॉक्टरकडून ब्रुसेलोसिस (सांसर्गिक गर्भपात) साठी रक्त आणि क्षयासाठी कातडीची चाचणी करून घ्या. क्षयाची चाचणी ७२ तासांनी वाचतात, म्हणून 'आजच गाडी भरतो' म्हणणाऱ्याला थांबवा. ब्रुसेलोसिस माणसालाही होतो. घरी आणल्यावर निदान तीन आठवडे वेगळं बांधा, पाणी-गव्हाण वेगळी. याला कुणी हसलं तर हसू द्या.

११. बीदरकडची देवणी आणली तर ती वेगळी जात धरायची का?

जात तीच. सीमा माणसांनी १९५६ साली आखली, गाईंना ती माहीत नाही. उलट तिकडचं रक्त तुमच्या कळपाला दूरचं असण्याची शक्यता जास्त, आणि ते चांगलंच (प्रश्न १४).

अडचण वाहतुकीची. पशुवैद्यकाचा आरोग्य आणि वाहतूक दाखला, खरेदीची पावती, बिल्ल्याचा क्रमांक आणि मालकाचं ओळखपत्र सोबत ठेवा. एका ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गाई-बैल नेता येत नाहीत, तो केंद्राचा १९७८चा नियम आहे. वाटेत पोलिसांशिवाय इतर मंडळीही गाडी अडवतात. दिवसा निघा, कागद वरच्या खिशात ठेवा, आवाज चढवू नका.

१२. वळू पाळावा की कृत्रिम रेतन करावं?

दहापेक्षा कमी गाईंना वळू पाळणं परवडत नाही, तो गाईपेक्षा बराच जास्त खातो आणि एखाद्या दिवशी माणसाला मारतो. रेतन करा. महाराष्ट्र पशुधन विकास मंडळ आणि उरुळी कांचनचं बाएफ यांच्याकडे देशी जातींच्या मात्रांची चौकशी करा. उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही देवणीबद्दल विचारण्यासारखी माणसं भेटतात.

धोका एकच. गावात येणाऱ्या रेतन करणाऱ्याच्या नळकांड्यात त्या दिवशी जी कांडी असेल ती तो भरतो. 'देवणी संपली, गीर आहे, एकच की' हे वाक्य ऐकलं की त्याला चहा पाजून परत पाठवा. एक माज (गाय गाभण राहू शकते ती वेळ) चुकला तर २१ दिवस जातात, चुकीची कांडी गेली तर चार वर्षं. कांडी आत जाण्याआधी तुम्ही स्वतः वाचा.

आणि वळूच्या आईच्या दुधाची नोंद मागा. वळूचं रूप पाहून निवडणारे खूप, आईचं दूध विचारणारे थोडे.

१३. लिंगनिर्धारित रेतन करून फक्त कालवडी घ्याव्या का?

साधारण ९० टक्के कालवडी होतात हे खरं. पण गाभण राहण्याचं प्रमाण साध्या रेतापेक्षा कमी असतं. ज्या गाई पहिल्याच रेतनाला राहतात त्यांनाच वापरा, उलटणाऱ्या (रेतन करूनही पुन्हा पुन्हा माजावर येणाऱ्या) गाईवर पैसे घालवू नका. शिवाय सगळ्या कालवडीच झाल्या तर पुढचा वळू कुठून येणार? कळपातल्या सगळ्यात चांगल्या गाईला मी साधीच कांडी भरतो.

१४. जवळच्या नात्यात पैदास झाली तर काय बिघडतं? जुने लोक तर करायचे.

जुन्या लोकांकडे गावाचा देवाचा वळू होता आणि तो चार गावं हिंडायचा, म्हणून निभलं.

बाप-लेकीच्या वासरात अंतःप्रजननाचं प्रमाण २५ टक्के होतं. म्हणजे जनुकांच्या सरासरी चारातल्या एका जागी दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या. सावत्र भावंडांत, म्हणजे बाप एक आणि आया वेगळ्या, ते साडेबारा टक्के. परिणाम डोळ्यांनी लगेच दिसत नाही. वासरू जरा हलकं जन्मतं, कालवड माजावर उशिरा येते, गाय उलटत राहते, आणि आपण चाऱ्याला दोष देतो.

हिशेब सोपा आहे. वळू आणल्यापासून त्याच्या पहिल्या लेकी माजावर यायला तीन-सव्वातीन वर्षं लागतात. तिसरं वर्ष संपताना वळू बदला. रेतन करत असाल तर वळूचा क्रमांक बदला. फक्त केंद्र बदलून चालत नाही, कारण दोन वेगळ्या क्रमांकांच्या वळूंचा बाप एकच असू शकतो. तेही विचारा.

१५. माझ्याकडे गावरान गाई आहेत. देवणी वळू वापरत गेलो तर शुद्ध कळप होईल का?

हळूहळू जवळ जाल. पहिल्या पिढीत देवणीचं रक्त ५० टक्के, मग ७५, मग ८७.५, चौथीत ९३.७५, पाचवीत जवळजवळ ९७. दर पिढीला पावणेचार-चार वर्षं धरा, म्हणजे पाच पिढ्यांना वीस वर्षं. मुलगा दहावीला असेल तर त्याच्या मुलाच्या बारशापर्यंत.

याला शुद्ध म्हणायचं का, यावर जगात एकमत नाही. अमेरिकेत सिमेंटलच्या वहीत ७/८ रक्ताला शुद्ध मानतात. अँगसची वही बंद आहे, नोंदलेल्या आई-बापांशिवाय आत जाता येत नाही. आपल्याकडे नियमच नाही, म्हणून तुम्ही स्वतः घालून घ्या आणि विकताना खरं सांगा: 'चौथी पिढी, मूळ गाय गावरान.' माझ्या मते असा नोंदी असलेला ९४ टक्क्यांचा कळप, नोंदी नसलेल्या 'शंभर टक्के शुद्ध' कळपापेक्षा जास्त भरवशाचा.

१६. जनुकीय चाचणी करून शुद्धता सिद्ध करता येते का?

तंत्र आलंय. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीमच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी देशी गाईंसाठी 'गौ चिप' आणि म्हशींसाठी 'महिष चिप' जाहीर केली. अशा चिपमधून वासराचा बाप कोण हे कळू शकतं, परक्या जातीचं रक्त किती हेही मोजता येतं. तिचा मुख्य उपयोग मात्र चांगले वळू लहानपणीच निवडायला आहे. चाचणी एका दिवसाचा फोटो आहे, वही म्हणजे आख्खा अल्बम. दोन्ही असतील तर उत्तम.

१७. आमच्या देवणीचा माज कळतच नाही. काय करावं?

देशी गाईचा माज मुका असतो, बऱ्याचदा रात्रीचा आणि थोडा वेळ. पहाटे दिवा न लावता गोठ्यात जा आणि शेपटीला चिकटलेला सोट (माजाचा चिकट स्राव) पाहा. दर २१व्या दिवसावर कॅलेंडरवर खूण करा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

१८. देशी गाईला रोग होत नाहीत असं म्हणतात. लसी लागतात का?

२०२२मध्ये लम्पीनं हा समज मोडला. देशी जनावर उन्हाला आणि गोचिडांना जास्त टिकतं, विषाणूला नाही. लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी, घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्याआधी, लम्पीची वर्षातून एकदा. ब्रुसेलोसिसची लस फक्त कालवडींना, वयाच्या चार ते आठ महिन्यांत, आयुष्यात एकदाच. ही राहूनच जाते, म्हणून जन्माच्या पानावरच तारीख लिहून ठेवा. नवजात वासराला पहिल्या एक-दोन तासांत चीक पाजा. वार (व्याल्यावर पडणारी झार) पडेपर्यंत थांबणं ही आपल्याकडची फार महाग पडणारी समजूत आहे.

१९. ए-टू दूध (दुधातल्या प्रथिनाच्या प्रकारावरून पडलेलं नाव) म्हणून जास्त भाव मिळेल ना?

शहरात गिऱ्हाईक ओळखीचं असेल तर मिळतो. ऑगस्ट २०२४मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं पाकिटावरचे ए-वन, ए-टूचे दावे काढायला सांगितले आणि पाच दिवसांत तो आदेश मागे घेतला, यावरून काय ते समजा. देवणी एका वेतात सरासरी नऊशे लिटरच्या आसपास दूध देते, त्यातलं वासराचं वेगळं. दुधाच्या जिवावर शुद्ध देवणीचा कळप चालत नाही, पैदाशीच्या कालवडींवर चालतो. दूध रोजचा मीठ-मिरचीचा खर्च काढतं.

२०. गोऱ्हे आणि म्हाताऱ्या गाईंचं काय करायचं?

हा प्रश्न लोक शेवटी, आवाज खाली करून विचारतात. तो आधी विचारायला हवा. दहा गाईंमागे वर्षाला चार गोऱ्हे येतात. त्यातला वळू म्हणून चार वर्षांत एखादाच ठेवण्यासारखा. बाकीचे बैल म्हणून विकायचे, पण ट्रॅक्टर आल्यापासून बैल घेणारे कमी झाले. बडवून (खच्ची करून), कामाला शिकवून जोडी विकली तर भाव बरा येतो. भाकड गाईला मरेपर्यंत चारा लागतो. सप्टेंबर २०२४मध्ये राज्यानं देशी गाईला राज्यमाता-गोमाता घोषित केलं आणि गोशाळांना देशी गाईमागे रोज ५० रुपये द्यायचं ठरवलं, पण ते गोशाळेला, तुम्हाला नाही. म्हणून प्रश्न ८मधल्या हिशेबात दोन म्हाताऱ्या आधीच धरा.

२१. गाय रेतन केल्यावर त्याच माजात गावातल्या मोकाट वळूनंही लावली. बाप कोण लिहायचा?

'अनिश्चित' लिहायचं, आणि दोन्ही नावं लिहायची. तारखेवरून ठरवता येत नाही. गाभणकाळ सुमारे २८५ दिवसांचा आणि त्यात आठ-दहा दिवस मागेपुढे होतातच, तासांचा फरक कुठून कळणार? वासराच्या रूपावरून ठरवायचा मोह होतो, तो टाळा. जनुकीय चाचणी झाली तर ठीक, नाहीतर ती कालवड दुधाला ठेवा, शुद्ध म्हणून विकू नका. त्याच माजात नव्हे, पुढच्या माजात (२१ दिवसांनी) दुसरा वळू लागला असेल तर मात्र व्यायच्या तारखेवरून बाप सांगता येतो.

२२. शुद्ध गाईला जुळं झालं, एक गोऱ्हा आणि एक कालवड. कालवड ठेवू का?

पैदाशीसाठी नको. नराबरोबर जन्मलेल्या अशा दहापैकी नऊहून जास्त कालवडी वांझ निघतात, कारण पोटात दोघांचं रक्त एकमेकांत मिसळतं आणि नराच्या संप्रेरकांमुळे तिचा गर्भाशय नीट घडत नाही. डॉक्टर लहानपणीच तपासून सांगू शकतात. गोऱ्हा ठेवायला हरकत नाही, पण वळू करण्याआधी त्याचं वीर्य तपासून घ्या. दोन्ही कालवडी असतील तर काळजी नाही.

२३. दोन शुद्ध देवणींना लालसर वासरू झालं. कुणीतरी फसवलं का?

लगेच तसं म्हणू नका. लपून राहिलेला रंग दोन्ही बाजूंनी एकत्र आला की पिढ्यांनी वर येऊ शकतो, आणि लाल कंधारीचं माहेर शेजारीच आहे. आधी वही तपासा, भरवल्याची तारीख आणि कांडी जुळते का पाहा. जुळत असेल तर ते वासरू पैदाशीला वापरू नका आणि त्याच जोडीला पुन्हा जुळवू नका. वहीत मात्र ते वासरू ठेवा, रंगासकट. जे वासरू लिहिलं जात नाही त्याच्यामुळेच पुढच्या माणसाची फसगत होते.

२४. बिल्ला पडला, नवीन क्रमांक मिळाला. जुन्या नोंदी बाद होतात का?

प्रणालीत जुन्या क्रमांकाला नवा जोडून घ्यायला लावा. बसून करून घ्या, 'नंतर करतो' वर विश्वास नको. वहीत जुना खोडू नका, शेजारी नवा लिहा. म्हणूनच दोन्ही बाजूंचे फोटो लागतात (प्रश्न ४).

२५. कालवड विकताना गिऱ्हाइकाला काय द्यावं?

बिल्ल्याच्या मालकीचा बदल, लसींच्या तारखा आणि वहीतल्या तिच्या पानाची सही केलेली प्रत, तीन पिढ्यांसह. उणिवाही लिहा: आजीचा बाप माहीत नसेल तर तिथे रेघ ओढा. राष्ट्रीय गोपाल रत्न पुरस्कारासाठी अर्ज करणारेही आमच्याकडे नोंदी मागायला येतात. पहिला पुरस्कार पाच लाखांचा असतो. मागच्या वर्षी एकानं रेघेच्या जागी 'एखादं चांगलं नाव' लिहून मागितलं. कालवड त्याला दिली नाही, ती अजून आमच्याच दावणीला आहे आणि आता दोन महिन्यांची गाभण आहे.